पणजीचे नाव काय?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझा एक पुतण्या नोकरीच्या निमित्ताने स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात राहतो. रविवारी त्याचा फोन येतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी तो भलत्याच उत्साहात होता. त्याच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी त्याला चहाला बोलावून स्वतःच्या घराण्याची वंशावळ दाखवली होती. भिंतभर कागद, नऊ पिढ्या, थेट अठराव्या शतकातल्या एका विणकरापर्यंत. आणि हे सगळे बाईंनी एका हिवाळ्यात, फारसे घराबाहेर न पडता जमवलेले! पुतण्या म्हणाला, "काका, आपले काय?"

मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. त्याचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. पाचव्या पिढीला जरा अडखळलो, पण एक नाव ठोकून दिले. मग त्याने विचारले, "आणि माझी खापरपणजी? तिचे नाव काय?"

त्याची खापरपणजी म्हणजे माझी पणजी, माझ्या आजोबांची आई. मला तिचे नाव माहीत नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीला विचारले. तिलाही माहीत नव्हते. "आजोबा तिला 'आई' म्हणायचे," एवढेच ती म्हणाली. ज्या बाईच्या वंशात आज आम्ही चाळीसएक माणसे आहोत, तिचे नाव एकालाही सांगता येईना. मी शाळामास्तर. आयुष्यभर मुलांकडून मोगल बादशहांची वंशावळ पाठ करून घेतली, आणि स्वतःच्या पणजीपाशी नापास झालो!

त्या स्कॉटिश बाईंना हे जमले कसे, हे आधी सांगतो, म्हणजे आपली वाट कुठे वेगळी पडते ते कळेल. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक गावच्या चर्चमध्ये वह्या असत. मूल झाले की बाप्तिस्म्याची नोंद, लग्न ठरले की त्याची जाहीर घोषणा, माणूस गेला की दफनाची नोंद. एरल नावाच्या गावची वही १५५३ सालापासूनची आहे. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या पाऊणशे वर्षे आधीची. या वह्या नीट ठेवल्या गेल्या असे मात्र नाही. १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला आणि गरिबांनी नोंदी करायचेच कमी केले. तो कर १७९४ साली उठला. पुढे १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी सक्तीची झाली. पहिल्या वर्षी तर कारकुनांनी इतके तपशील मागितले, आईबापांची वये, जन्मगावे, आधीची मुले किती, की ते लिहिता लिहिता सगळे थकले आणि पुढच्याच वर्षी रकाने कमी करावे लागले. पण एक रकाना राहिला, आणि माझ्या गोष्टीत तो महत्त्वाचा आहे: आईचे माहेरचे आडनाव. स्कॉटिश कागदात बाई लग्नानंतरही माहेरच्या नावाने ओळखू येते. तिच्या मृत्यूच्या नोंदीतही तिच्या आईचे आणि बापाचे नाव असते. हे सारे आता सरकारनेच संगणकावर आणून ठेवले आहे. बाई हिवाळ्यात घरी बसून नऊ पिढ्या चढल्या त्या याच शिडीने.

आपल्याकडे अशी शिडी नाही असे नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या वह्या आहेत. पण भिगवण परिसरातल्या शेतकऱ्याच्या नावाची चौकशी जुन्या काळी कुणी केली असेल तर ती एकाच कारणासाठी: सारा कोण भरणार? माणूस जन्मला केव्हा, त्याचे लग्न कुणाशी झाले, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. जमीन कुणाच्या नावावर, याच्याशी होते. म्हणून आपल्या पूर्वजांचा माग काढायचा तर माणसाच्या मागे न जाता शेताच्या मागे जावे लागते.

आणि या बाबतीत आमच्या इंदापूर तालुक्याचा एक मान आहे. तो तालुक्यातल्या लोकांनाही फारसा माहीत नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मूळच्या स्कॉटलंडच्याच असलेल्या एल्फिन्स्टनसाहेबाकडे इथला कारभार आला. त्यानंतर दहाएक वर्षांत प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. हा हुशार माणूस. इंग्लंडातल्या कॉलेजात प्रत्यक्ष माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आलेला. शेताचे उत्पन्न किती, खर्च किती, उरते किती, त्यातला सरकारचा वाटा किती, असा सगळा हिशेब त्याने मांडला. कागदावर तो निर्दोष होता. जमिनीवर मोजणी करणाऱ्या कारकुनांनी हात ओले केले, उत्पन्नाचे आकडे फुगले, त्यातच धान्याचे भाव पडले. इंदापूर तालुक्यात कुळे जमिनी टाकून परागंदा झाली, शेते ओस पडली. इतकी, की सरकारलाच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी ती केली, तीही याच इंदापुरात. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. शेत ३३ फुटी साखळीने मोजले, मातीची प्रत आण्यांत ठरवली, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड पुरले, प्रत्येक शेताला एक नंबर दिला आणि सारा हलका करून १८३६ पासून तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे हीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात गेली, वऱ्हाडात गेली, म्हैसूरकडे गेली. आज महाराष्ट्रातला कुठलाही शेतकरी "आमचा सर्व्हे नंबर अमुक" म्हणतो, तेव्हा तो इंदापूरच्या माळावर तयार झालेली भाषा बोलत असतो.

वंशावळ शोधणाऱ्याला या नंबराचा उपयोग असा की माणसे बदलतात, नंबर बदलत नाही. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करायची. त्यावर फेरफाराचे आकडे असतात. एकेक फेरफार म्हणजे एकेक घटना. कुणी मेला, वाटणी झाली, गहाण पडले, सुटले. त्या आकड्यांचे बोट धरून मागे मागे जात राहिले की हक्कनोंदणी सुरू झाली त्या काळापर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोचता येते. १९०३ सालचा तो कायदा. त्याच्याही मागे जायचे असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातली जुनी दप्तरे: शेतवारपत्रके, टिपणे, आणि मूळ मोजणीचे कागद. मी स्वतः अशा रीतीने पणजोबांच्या आजोबांपर्यंत पोचलो. पुतण्याला ठोकून दिलेले नाव चुकीचे निघाले, हेही कबूल करतो.

वाट सरळ नाही. पहिली अडचण मोडीची. ती मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकलो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत मोडीचे वर्ग चालतात. आता घरबसल्या शिकण्याचीही सोय झाली आहे. महिनाभरात अक्षर ओळखता येते, पण कारकुनाचा हात ओळखायला वर्ष लागते. दुसरी अडचण सालांची. जुन्या कागदात फसली सन असतो, शुहूर सन असतो. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शुहूरमध्ये ५९९ किंवा ६००, कारण ही साले मृग नक्षत्राला सुरू होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच बरोबर आहे म्हणा. तिसरी अडचण आपण स्वतः निर्माण केलेली: नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल. राणूचा मुलगा येसू, येसूचा मुलगा राणू, त्याचा पुन्हा येसू. 'येसू बिन राणू' असे कागदात दिसले की हा आजा की नातू, हे सर्व्हे नंबर आणि साल दोन्ही जुळवल्याशिवाय कळत नाही. (गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्येही हीच चाल होती. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव. पुतण्याच्या घरमालकीणबाई सात 'जॉन'मध्ये अडकल्या होत्या म्हणे.)

आणखी एक सापळा 'ए. कु. मॅ.' या तीन अक्षरांचा. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कागदावर थोरल्याचेच नाव, धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागे उभे. माझे एक चुलत-चुलत आजोबा असे पन्नास वर्षे कागदाबाहेर राहिले आणि वाटणी मागायला उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा प्रकट झाले!

आता बायकांकडे येतो. जुन्या कागदात नात्याचे तीन शब्द ध्यानात ठेवावे लागतात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद' म्हणजेही तेच, आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मी शेकडो पाने उलटली. बिन आणि वलद यांची रांग लागलेली. कोम क्वचित. कधी येतो? नवरा मेला आणि मुले अज्ञान असली म्हणजे. मग फेरफारात मुलांच्या नावापुढे लिहितात: 'अ. पा. क. आई', अज्ञान पालन कर्ती, आणि तिथे तिचे नाव येते. म्हणजे जमिनीच्या कागदात शिरण्यासाठी बाईला आधी विधवा व्हावे लागे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली. पुढच्याच फेरफारात बहुधा त्यांचे हक्कसोडपत्र असते हा भाग निराळा. पण निदान नाव तरी येते.

माझी पणजी पणजोबांच्या आधी गेली. सवाष्ण गेली. आमच्या घरात तिच्याविषयी एवढीच एक गोष्ट सांगितली जाते, तीही कौतुकाने: अहेव मरण आले, भाग्याची बाई. आणि त्या भाग्यापायीच तिचे नाव एकाही फेरफारात नाही.

इथे मला थोडे वळण घ्यावे लागेल, कारण आमच्या भागात शेताचा माग काढणे हे बाकीच्या महाराष्ट्रासारखे नाही. आमचे शेतच जागेवर नाही. भीमा नदीवर उजनीचे धरण १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. पाणी मागे मागे सरकत भिगवणच्याही पुढे गेले. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतली काठावरची गावे उठली. आमचे गाव त्यातलेच. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. पाणी एका रात्रीत येत नाही. ते बांधावरून हळूच बघते, दुसऱ्या दिवशी सरीत उतरते, आठवड्याने विहीर गिळते. ज्या उन्हाळ्यात धरण आटते त्या उन्हाळ्यात पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते, लोक गाड्या घेऊन बघायला जातात. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. कुंभारगावच्या बाजूला मुंबई-पुण्याचे लोक दुर्बिणी लावून बसलेले असतात. भिगवणची मासळी तर प्रसिद्धच आहे. मला रोहित पक्ष्यांचा राग नाही. पण ते ज्या उथळ पाण्यात चोच घालून उभे असतात, त्या पाण्याखाली विंगेटने दगड पुरलेला एक सर्व्हे नंबर आमचा आहे, हे विसरणेही जमत नाही.

आणि याच दुर्दैवाने मला एक असा कागद दिला जो स्कॉटिश बाईंकडे नव्हता. जमीन संपादन करताना सरकार निवाडा करते. त्या निवाड्यात मालकाचे नाव येऊन थांबत नाही. सगळे हिस्सेदार येतात. विहिरी येतात, त्यांचे बांधकाम कच्चे की पक्के ते येते. झाडे येतात: आंबा इतके, बाभळी इतक्या, बोर एक. घर येते, त्याचे खण, छप्पर धाब्याचे की पत्र्याचे. प्रत्येकाची किंमत. ती किंमत वाचून हसावे की रडावे ते कळत नाही, पण बुडालेल्या गावाचे शेवटचे, तपशीलवार चित्र कुठे असेल तर ते या निवाड्यांत आहे. आमच्या निवाड्यात तीन आंबे आहेत. थोरली बहीण म्हणाली, "चार होते." मग तिला आठवले, चौथा पाणी यायच्या आधीच वडिलांनी तोडला होता.

हे सगळे जमीन असणाऱ्यांचे झाले. ज्यांना जमीन नव्हती त्यांचे काय? शेतमजूर, भटके, गावकुसाबाहेरचे? याच भीमेच्या काठी, वर पुण्याकडे, कोरेगावचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावे त्यावर आहेत. त्यातली २२ नावे महार सैनिकांची, शेवटी 'नाक' लागणारी. पलटणीत गेले म्हणून ती दगडावर राहिली. पण मागे गावात राहिलेल्या त्यांच्या भावांची नावे? फासेपारधी आणि त्यांच्यासारख्या जमातींवर तर ब्रिटिश सरकारने गुन्हेगारीचा शिक्काच मारला, सोलापूरला तारांच्या कुंपणात वसाहत केली. त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे मिळतात ती पोलिसांच्या हजेरीपटात. पूर्वज शोधायला निघालेल्या नातवाला तो पट उघडताना काय वाटत असेल? वंशावळीचा अभिमान सांगणाऱ्या आपण लोकांनी याचा कधीतरी विचार करावा.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कुठले कुठले कागद बाहेर निघाले! शाळांची जनरल रजिस्टरे, खरेदीखतांच्या वह्या, ताडीच्या नोंदवह्या, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची रजिस्टरे. त्या शोधाच्या राजकारणात मी पडत नाही. पण दीडशे वर्षे कसरीच्या हवाली केलेली दप्तरे त्यामुळे फडताळातून खाली आली आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक भाव आला, हे खरे. मलाही दोनदा बोलावणे आले.

तिथेच मला कोतवाल बुक भेटले. सरकारी नाव गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. गावकामगारांनी लिहायची आणि तहसिलीत धाडायची. स्कॉटलंडच्या १८५५ च्या रजिस्टराची ही आपली गरीब चुलत बहीण. रकाने थोडे: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचे नाव बहुतेक वेळा नाहीच, कारण नोंद व्हायची जन्म कळताच आणि बारसे बाराव्या दिवशी. मृत्यूच्या पानावर मात्र नाव असते, वय असते, कारण असते. कारण म्हणजे 'ताप', 'पटकी', 'हगवण', 'गाठीचा रोग'. एवढ्या चारपाच शब्दांत त्या काळचा सगळा दवाखाना.

पणजी कधी गेली हे घरात कुणाला माहीत नव्हते, पण आजोबा सांगत, "मी गुरे वळायच्या वयाचा होतो, घरात एका पंधरवड्यात तीन तिरड्या बांधल्या." मी १९१८ सालचे पान काढले. सप्टेंबर-ऑक्टोबर. इन्फ्लुएन्झाची ती दुसरी, भयंकर लाट मुंबई इलाख्यात याच महिन्यांत आली. इतर महिन्यांत आमच्या गावची नोंद दोन-चार ओळींची. ऑक्टोबरात पानामागून पान. कारण एकच: ताप, ताप, ताप. खाली खाली अक्षर बिघडत गेलेले. लिहिणाराही थकला असेल, किंवा तापात असेल. एके ठिकाणी हात बदलला आहे. पहिला हात पुन्हा कुठेही दिसत नाही.

त्यात ती सापडली. तारीख, वय ३२, कारण ताप. नावाच्या रकान्यात मात्र कसरीने अर्धे पान खाल्लेले. उरले होते ते '…कोम' आणि पुढे माझ्या पणजोबांचे पूर्ण नाव, स्वच्छ, ठसठशीत. मी ते पान बराच वेळ तसेच धरून बसलो. शेजारच्या मोडीवाल्या गृहस्थांनी विचारले, "काय झाले, लागत नाही का?" म्हटले, "लागते हो. आहे तेवढे लागते."

वास्तविक इथे शोध संपायला हवा होता. पुतण्याला मी तसे कळवलेही. पण बहिणीने एक वाक्य बोलून दाखवले, जे मला इतकी दप्तरे चाळून सुचले नव्हते. "अरे, आजोबा त्र्यंबकेश्वराला गेले होते ना, सिंहस्थात?"

आपल्या तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडे वह्या असतात हे आपण ऐकून असतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार. गाव सांगितले, आडनाव सांगितले की ते वही काढतात. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने फिल्म घेऊन ठेवली आहे. घरोघर फिरून वंशावळ म्हणून दाखवणारे भाट आहेत. दक्षिणेकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला हेळवी आहेत, तेही हेच करतात. यांच्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न आहेच. दक्षिणा चांगली मिळाली की वंशावळ सूर्यवंशापर्यंत जाऊन भिडते. आमच्या इंदापूरशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या मालोजीराजांच्या घराण्याचेसुद्धा बाबाजी भोसल्यांच्या वरचे दुवे इतिहासकारांत वादाचे आहेत. मग तुमचीआमची काय कथा! पण सांगून लिहिलेली वंशावळ निराळी आणि विधीसाठी लिहिलेली नावे निराळी. श्राद्धात नावे लागतात. बाप, आजा, पणजा लागतात, तशी आई, आजी, पणजीही लागते. आणि आईचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, म्हणजे मातामहांची त्रयीही लागते. सरकारच्या सगळ्या दप्तरांत जी बाई नाही, तिचे नाव घेतल्याशिवाय पिंड मात्र पुढे सरकत नाही.

आम्ही बहीणभाऊ त्र्यंबकेश्वरला गेलो. उपाध्यायांच्या नातवाने लांबट वही आणली, लाल कापडात बांधलेली. भिगवण भाग, मग गाव, मग आडनाव. १९५६ च्या सिंहस्थातली नोंद निघाली. आजोबांच्या डाव्या हाताचा अंगठा, आणि त्याच्या वर उपाध्यायांच्या बाळबोध अक्षरात चार ओळी. तिसऱ्या ओळीत आजोबांच्या आईचे नाव. चौथ्या ओळीत तिच्या वडिलांचे नाव आणि गाव. गाव भीमेच्या पलीकडचे, करमाळा तालुक्यातले. तेही आज पाण्याखाली. म्हणजे सासर एका काठाला, माहेर दुसऱ्या काठाला. मधली नदी उतरून ती आली आणि पुढे त्याच नदीने दोन्ही घरे पोटात घेतली.

ते नाव मी इथे सांगत नाही, कारण थोरल्या बहिणीने तशी ताकीद दिली आहे. पंधरा दिवसांनी घरात पहिल्यांदा तिच्या नावाचा घास काढायचा आहे, त्याच्या आधी ते हवेत जाऊ नये म्हणते. साधे नाव आहे. आमच्या भावकीत त्या नावाच्या दोन मुली आहेत आणि ते ठेवताना कुणालाच काही माहीत नव्हते.

त्या रविवारी पुतण्याला फोनवर नाव सांगितले. त्याने कागदावर लिहून घेतले आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे लगेच पुढचे विचारले: "काका, हे सासरचे नाव की माहेरचे?"

मी गप्प झालो. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायचे. आजोबांना ठाऊक होते ते अर्थातच सासरचे. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत तिच्या आईबापांनी तिला काय हाक मारली, ते आजोबांनी कधी ऐकलेही नसेल. २०२४ सालच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचेही नाव लावायचे ठरले आहे. तेव्हा पुढच्या कुणा पणतूला असा फोन करावा लागणार नाही. पण तिथेही कोणते नाव लावायचे हा प्रश्न घरोघर निघतोच आहे, माझ्या ओळखीच्या दोन घरांत निघाला.

१९१८ मध्ये वय ३२, म्हणजे जन्म १८८६ च्या आसपासचा. वय अंदाजाने लिहिलेले असणार, तेव्हा मागेपुढे पाच वर्षे धरायची. त्या गावचे कोतवाल बुक तेव्हापासूनचे उरले असेल, तर तिच्या बापाच्या नावापुढे, तारीख टाकून, एका रकान्यात एकच शब्द लिहिलेला सापडेल: 'मुलगी'. नाव नसणार, हे माहीत आहे. दिवाळीनंतर करमाळ्याला जायचे ठरवले आहे. बहीण म्हणाली, "एकटा जाऊ नकोस, मी येते." तिचे गुडघे दुखतात, म्हणून एसटीऐवजी गाडी सांगितली आहे.